हिराबायचा धवला आणि माझे डेक

हळदीच्या मांडवात वाढप्याच्या खालोखाल शिव्या खाणारा माणूस म्हणजे डीजेवाला. मटणाचा रस्सा पातळ झाला की वाढप्याचा उद्धार, गाणं थांबलं की आमचा. वाढपी निदान घरचे असतात, त्यामुळे त्यांना मिळतात त्या शिव्या मायेच्या असतात. आम्हाला मिळतात त्या अस्सल. या धंद्यात मी इतके हंगाम काढले आहेत की पाठीमागून आलेली शिवी नवरदेवाच्या मामाची की काकाची, हे मी न वळता सांगू शकतो. दिवाळी अंकासाठी डीजेवाल्याने लिहायचं ठरल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी सुचवलं, "वाचणाऱ्यांना कानात बोळे घालून बसायला सांगा." तशी गरज पडणार नाही. मी सांगणार आहे ते मुख्यतः ऐकण्याबद्दल आहे.

मी भिवंडीजवळच्या कोन गावचा. भिवंडीत आमच्या वयाच्या पोरांपुढे तेव्हा दोनच वाटा होत्या, एक लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याकडे जाणारी आणि दुसरी नव्याने उभ्या राहणाऱ्या गोडाउनांकडे. माझे बाबा एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा, ते चालते ठेवणारा माणूस. शेडच्या त्या खडखडाटात दारात उभं राहून ते सांगायचे, "कोपऱ्यातला लूम मागं पडतोय." मला मात्र त्या शेडमध्ये फक्त डोकेदुखी ऐकू यायची. मला डीजे व्हायचं होतं.

तेव्हा दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मी एक जुना लॅपटॉप आणि एक कंट्रोलर जमवला होता. कंट्रोलर म्हणजे बटणांची, चकत्यांची एक पेटी. तिला स्वतःची अक्कल नसते. गाणी लॅपटॉपमध्ये, डोकं लॅपटॉपमध्ये, पेटी नुसती हुकूम पोचवते. पडद्यावर दोन्ही गाणी लाटांसारखी सरकताना दिसतात. एक गाणं चालू असताना दुसरं त्याच्याच ठेक्यावर आणून मिसळायचं, हे डीजेचं खरं काम. त्यासाठी पेटीवर एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही ठेके आपोआप जुळतात. मी ते दाबायचो आणि वर हात हलवून नाचायचो. लोकांना वाटायचं, काय पोरगा वाजवतो! मलाही तसंच वाटायचं.

मी काम करायचो इकबालभाईंकडे. कोकणी मुसलमानांचं भिवंडीतलं जुनं घराणं. पूर्वी त्यांचे स्वतःचे लूम होते. ते विकून त्याच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी साउंड आणि मांडवाचा धंदा थाटला होता. शेजारच्या शेडमध्ये दुसऱ्यांचे लूम चालूच होते. माणूस दिलाचा मोठा आणि जिभेचा तिखट. माझ्या लॅपटॉपकडे बघून ते म्हणायचे, "दिनेश, तू गाना बजाता नहीं, गाना देखता है."

त्या उन्हाळ्यात पूर्णा गावात एक हळद होती. दिवेलागणीची वेळ, मांडव भरलेला, नवरदेवाचे मित्र रंगात आलेले. लॅपटॉप आधी घरघरला, मग पडदा काळा झाला आणि सगळं गप्प. एवढ्या माणसांच्या मांडवात अचानक शांतता पडली की काय होतं हे ज्याने अनुभवलं नाही तो भाग्यवान. सुरुवातीला कोणी तरी हसलं. मग नवरदेवाच्या मामाने माझ्या खानदानाची चौकशी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला, तर पंख्यात लूमची रुई दाटून बसलेली. मी सराव करायचो बाबांच्या कारखान्यात, मुकादमाच्या टेबलावर, कारण तिथे जागा होती आणि वीज होती. हवेत उडणारी सगळी रुई माझ्या लॅपटॉपने पोटात घेतली होती. दुरुस्तीवाला चिमट्याने ती ओढून काढत म्हणाला, "गादी भरायला देऊ का?"

लॅपटॉप गेला तो गेलाच. इकबालभाईंनी कपाटातून दोन सीडी-डेक काढले, मध्ये मिक्सर ठेवला आणि म्हणाले, "हे घे. याला लॅपटॉप लागत न्हाय. कान लागतात."

डेक हे स्वयंपूर्ण यंत्र. प्रत्येकाचं डोकं त्याच्याच पोटात. सीडी टाकायची, वाजवायची. दोन डेकवर दोन गाणी, मधल्या मिक्सरवरच्या पट्ट्या वर-खाली करून एक आत आणायचं, दुसरं बाहेर काढायचं. पडद्यावरच्या लाटा नाहीत, जुळवणारं बटण नाही. डेकच्या उजव्या अंगाला एक सरकती पट्टी असते. ती पुढे ढकलली की गाण्याचा वेग वाढतो, मागे ओढली की उतरतो. हेडफोन एका कानावर लावून पुढचं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानाने मांडवात चाललेलं ऐकायचं, आणि पट्टी केसभर सरकवत दोन्ही ठेके एकत्र आणायचे. नाही जमलं तर दोन्ही गाणी मिळून जिन्यावरून भांडी गडगडल्यासारखा आवाज येतो. मी पहिल्या दिवशी भांड्यांचं अख्खं दुकान गडगडवलं.

सराव करायचा तरी कसा? शेजारी लूम. हेडफोनमध्ये माझ्या गाण्याचा ठेका आणि बाहेरून त्यांचा, कशाला काय जुळवायचं कळेना. शेवटी शुक्रवार धरला. शुक्रवारी लूम बंद असतात. नमाजाला निघण्याआधी इकबालभाई शेड उघडून द्यायचे आणि परत आले की स्टूल ओढून बसायचे. "बघ," ते सांगायचे, "दोन लूम बाजूबाजूला चालतात ना, मधेच एका ठेक्यात येतात, मग सुटतात. हे सुटू द्यायचं न्हाय. बस, एवढीच कला." सांगायला एवढीच होती. मी कधी डोळे ताणून डेककडे बघत राहिलो तर ते पुठ्ठा आडवा धरायचे.

वैशाखात त्यांनी मला लहानसहान कार्यक्रमांत डेकवर उभं केलं. तिथे आमच्या हळदीने मला पहिला धडा दिला. आमच्याकडे हळद म्हणजे काय, नवरदेवापासून मांडववाल्यापर्यंत कोणी कोरा सुटत नाही. करवल्या आल्या, माझे हात धरले आणि कोपरापर्यंत पिवळे केले. मी खुशीत हसलो आणि त्याच हातांनी सीडी बदलली. डेकने ती आत घेतली, कुरकुर केली आणि बाहेर काढून दिली. दुसरी घातली, तीही परत. सीडीच्या चकाकत्या बाजूवर माझी पाचही बोटं पिवळीजर्द उमटलेली. इकबालभाई धावत आले. सीडी उजेडात धरून म्हणाले, "हिला पन हळद लावलीस? लगीन कवा हाय हिचं?"

तेव्हापासून करवल्या आल्या की मी हात वर करून गाल पुढे करतो. गालाने सीडी बदलावी लागत नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा वेगळ्याच. लॅपटॉप होता तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, "पोरगा नुसता इंटरनेट बघतो." डेक आल्यावर माझी इज्जत एकदम वाढली, कारण आता मी सारखा काही तरी पिरगाळत होतो. एक काका तर खुर्ची घेऊन समोरच बसले आणि माझ्या हातांकडे बघत जेवले. पण त्याच आठवड्यात एक जण मोबाइल नाचवत आला. "या गान्याला ब्लूटूथनं घे." मी सांगितलं, यात ब्लूटूथ नाही. तो मागे वळून मित्रांना म्हणाला, "जुनी मशीन हाय रं." म्हणजे मी नवीन गोष्ट पुरती शिकायच्या आतच ती जुनी झाली होती.

आता हिराबायकडे यायला हवं.

आमच्या लग्नांत धवलारीण असते. लग्नाचे विधी चालू असताना ती धवले गाते. भटजी असतो, पण धवलारणीशिवाय आमच्या जुन्या माणसांना लग्न लागल्यासारखं वाटत नाही. ती एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका तीच ओळ उचलतात. ती गायला बसली की डीजे बंद. हे कोणाला सांगावं लागत नाही. हिराबाय आमच्या पंचक्रोशीची धवलारीण. बारीक अंगाची, कपाळावर मोठं कुंकू, माईक समोर आणला तर हाताने दूर सारणारी. ती हात वर करायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "बंद कर ती तुजी पेटी." माझं नाव तिला ठाऊक असावं असं मला वाटत नव्हतं. पेटीवाला हीच माझी ओळख.

पावसाळ्याआधीची शेवटची हळद कोनमध्येच होती. बाबा आणि आई पाहुणे म्हणून आलेले. हिराबाय गायला बसली, मी डेक थांबवला. म्हटलं, मोकळा वेळ आहे तर पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून ठेवावं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. हेडफोनमध्ये गाणं ऐकताना मिक्सरवरची त्या डेकची पट्टी खाली असावी लागते. ती वर राहिली तर तुम्ही ऐकता तेच सगळा मांडव ऐकतो. माझी वर राहिली होती.

मी मान डोलावत ऐकत होतो. हेडफोनमुळे मला काहीच कळलं नाही. मांडवात सगळ्यात शेवटी ज्याला कळलं तो मी. कोणी तरी पाठीत गुद्दा घातला तेव्हा मी वर पाहिलं. बायका गप्प. नवरीच्या आईने तोंडावर हात ठेवलेला. हिराबाय माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच.

"कोनाचा पोर हाय यो?" तिने विचारलं.

"माजाच," बाबा म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते कधी बोललेले मला आठवत नाहीत.

"धवला मोरला यानी. आता पयल्यापासून." आणि तिने खरोखरच पहिल्यापासून सुरू केलं. मटण गार होत होतं, पोरं रडत होती, पाहुणे घड्याळं बघत होते, आणि त्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

घरी येताना बाबा म्हणाले, "पूर्ण्याला गोडाउनात माल तपासाला मानूस पायजे. मी बोलून ठेवलंय. आता जा." आई मध्ये पडली. तिचं म्हणणं, पावसाळाभर बघू. तुळशीचं लग्न झालं की लग्नांना तोंड फुटतं. पहिल्या हळदीत पोराने नीट वाजवलं तर बरं, नाही तर गोडाउन. बाबा कबूल झाले. दुसऱ्या दिवशी इकबालभाईंनीही तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "पहिली हळद हिराबायचीच हाय. ती परत बिघडली तर मग मी पन काय करू शकत न्हाय, बेटा. गावात कोण मला सुपारी देईल?"

म्हणजे माझा सगळा धंदा आता त्या बारीक अंगाच्या बाईच्या हाती होता. मला डेकची भीती वाटायची त्याहून तिची जास्त वाटत होती.

आईनेच मला पाठवलं. पाऊस लागला होता. हिराबाय ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो आणि चुकलं म्हणालो. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "बसलास तं हात चालव." मी सुकट निवडू लागलो. अर्धं सूप होईपर्यंत तिने माझ्या बोटांवर लक्ष ठेवलं. मग म्हणाली, "तुला ठाव हाय का, मी गाते तवा काय करते?"

मी म्हटलं, गाणी म्हणतेस.

"बोलावते. आगोदर देवाला, मंग गावदेवीला. मंग घरातली गेलेली मानसा. येकेकाचा नाव घ्यावा लागतं. नाव घेतला का तो यवाला निंगतो. मधी तुजी पेटी वाजली का अरध्या वाटंवरना माघारी जातो. समाजला?"

समजलं. असं समजलं की त्या रात्री जेवण गोड लागेना. एक हळद बिघडवली असं मी समजत होतो, आणि ही बाई सांगत होती की मी कोणाच्या तरी आजोबांना अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं होतं.

त्या पावसाळ्यात मी वरचेवर तिच्या ओटीवर जायचो. ती काम करता करता गायची, मी निवडायचो, कांद्याच्या माळा बांधायचो, कधी नुसताच बसायचो. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. तिच्या गाण्याला ढोलकी नसते, टाळ नसतो, पण ठेका पक्का असतो. माझी मांडी आपोआप हलायची. आणि हा ठेका एका जागी उभा नसतो. देवांची नावं सावकाश, घरच्यांची जराशी लगबगीने, पाहुणे दिसायला लागल्यावर आपण पावलं उचलतो तशी. हे मोजणारं यंत्र मला ठाऊक नव्हतं. लॅपटॉप फाइलमधल्या गाण्याचा वेग सांगतो. हिराबाय कुठल्याच फाइलमध्ये नव्हती.

शुक्रवारी शेडमध्ये गेलो की मी वेगळाच खेळ करायचो. आमच्या ओळखीच्या एका बेंजो पार्टीतल्या ढोलकीवाल्याकडून नुसती ढोलकी भरून घेतली होती, तिची सीडी लावायची, हिराबायची ओळ मनात म्हणायची आणि पट्टी सरकवत ढोलकी त्या ओळीखाली आणायची. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. इकबालभाई स्टुलावर बसून ऐकायचे. एकदा त्यांनी पुठ्ठा शोधला आणि मग तसाच खाली ठेवला. माझे डोळे मिटलेले होते.

तुळशीचं लग्न झालं. पहिली हळद कोनमधल्या एका मुलीची. तिचा बाप आदल्या वर्षी वारला होता. मांडवात गडबड होती, पण त्या घरच्या माणसांच्या हसण्यात मधे मधे खंड पडत होता. बाबा मुद्दाम डेकच्या जवळच्या खुर्चीवर बसले. इकबालभाई एका स्पीकरला टेकून उभे.

दिवे लागले आणि हिराबायने हात वर केला. "बंद कर ती तुजी पेटी." मी बंद केली. दोन्ही पट्ट्या खाली आहेत ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं. हेडफोन गळ्यात उतरवला.

तिने देव बोलावले. गावदेवी बोलावली. पण त्या दिवशी तिची छाती भरलेली होती, पाऊस तिला बाधला होता. घरच्या माणसांची नावं सुरू झाली. आजा झाला, आजी झाली, आणि पुढच्या ओळीवर तिला खोकल्याची उबळ आली. मागच्या बायकांनी शेवटची ओळ परत उचलली, पुन्हा एकदा उचलली, पण पुढे कोणी नसल्याने त्यांचा ठेका विस्कटायला लागला. कोणी पुढे, कोणी मागे. हिराबाय पदराने तोंड दाबून खोकतच होती. नवरी मान खाली घालून बसलेली. तिच्या बापाचं नाव अजून यायचं होतं.

मला समोर दोन गोष्टी दिसत होत्या. काही केलं नाही तर धवला मोडणार, आणि तो बाप वाटेतच राहणार. आणि काही केलं, धवल्यात पेटी वाजवली, तर हिराबाय मला आयुष्यभर माफ करणार नाही आणि मी उद्यापासून पूर्णा इथल्या गोडाउनात खोकी तपासणार.

मी ढोलकीची सीडी आत टाकली. हेडफोन एका कानावर, दुसरा कान बायकांकडे. वेगाची पट्टी सरकवली, थोडी पुढे, थोडी मागे. ठेका बसला असं वाटलं तेव्हा मिक्सरची पट्टी अगदी जराशी वर केली. स्पीकरमधून ढोलकी आली, शेजारच्या घरात कोणी पाट वाजवावा तेवढ्याच आवाजात. बायकांनी चमकून पाहिलं, पण त्यांच्या ओळीला टेकू मिळाला होता. आवाज एकत्र आले. तीच ओळ त्या गात राहिल्या, गात राहिल्या.

हिराबायने पदर खाली केला आणि हात वर केला.

मांडवातल्या सगळ्यांना त्या हाताचा अर्थ ठाऊक होता. माझं बोट पट्टीवर गेलं. इकबालभाईंनी डोळे मिटले.

"बंद नको करू," ती म्हणाली. बायकांची ओळ चालूच होती, त्यातून तिचा घोगरा आवाज आला. "जरा मांगं घे. पलतंय ता."

ढोलकी तिच्यापुढे पळत होती. केसभर. माझ्या कानाला जे कळलं नव्हतं ते तिला खोकताना कळलं होतं. मी वेगाची पट्टी नखाने मागे ओढली. ती ऐकत राहिली. मग मान हलवली, श्वास घेतला आणि त्या मुलीच्या बापाचं नाव घेतलं.

नवरी रडली, तिची आई रडली, आणि खोटं कशाला सांगू, डेकवाल्यालाही समोरचं धूसर दिसू लागलं. पण ऐकू नीट येत होतं. शेवटाकडे हिराबाय लगबगीने जायची तशी गेली आणि मी पट्टी पुढे सरकवत तिच्या मागोमाग गेलो, शेवटच्या नावापर्यंत.

जेवणं झाली तेव्हा बाबा डेकपाशी आले. बराच वेळ यंत्राकडे बघत राहिले, जसे बंद पडलेल्या लूमकडे बघतात. मग म्हणाले, "सुटला न्हाय येकदापन." जॉबरकडून याहून मोठी शाबासकी नसते. गोडाउनचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर हिराबाय असेपर्यंत मी तिच्या पुष्कळ हळदी वाजवल्या. ढोलकी तिने पुन्हा मागितली नाही, मीही आपण होऊन दिली नाही. ती हात वर करायची आणि म्हणायची, "बंद कर दिनेश, ती पेटी." नावानिशी. तिचा आवाज भरून ठेवावा असं मनात अनेकदा आलं. यंत्रं माझ्याकडे होती, माईक होते. तिच्यासमोर माईक धरायची छाती झाली नाही, आणि आज उद्या करता करता ती गेली. या धंद्यातली एवढी एकच गोष्ट मला खरोखर लागते.

आता माझ्याकडे नवे डेक आहेत. त्यांना लॅपटॉप लागत नाही, तरी पडदा आहे, त्यावर लाटा आहेत आणि ते जुळवणारं बटणही परत आलं आहे. मी ते वापरतो, नाही असं नाही. वयाबरोबर आळस येतो. पण आमच्याकडे आता बऱ्याच लग्नांत धवलारीण नसते. घरचं कोणी तरी पेन ड्राइव्ह आणून देतं, "यात धवले हायत, विधीच्या टायमाला लाव." कुठल्या तरी स्टुडिओत भरलेले असतात, आवाज गोड, ठेका सरळसोट, पहिल्या देवापासून शेवटच्या नावापर्यंत एकच.

मी ते लावतो. डोळे मिटतो, आणि नखाने वेगाची पट्टी जराशी मागे ओढतो. पळत असतं ते.